मधे शून्य, तर इलेक्ट्रॉन ‘पलतडीं’ पावतो कसा? क्वांटम केमिस्ट्री शिकवणाऱ्यांना एक प्रश्न

साखळीची_बस:

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. लेक्चर बेसिसवर आहे, त्यामुळे दर जूनला ‘यंदा आहे की नाही’ इथपासून सुरुवात. मूळची मी ऑरगॅनिकची. आमचे फिजिकलचे सर निवृत्त झाले आणि क्वांटम केमिस्ट्री-स्पेक्ट्रोस्कोपीचा पेपर माझ्या गळ्यात पडला. एनएमआरचा आलेख मी वर्तमानपत्रासारखा वाचते, पण हॅमिल्टोनियन फळ्यावर लिहिताना पहिल्या वर्षी हात थरथरायचा. आता थरथरत नाही. वर्गाचं त्यानं काही भलं झालंय असं मात्र नाही.

गेल्या महिन्यात आयएसए (सेमिस्टरमधली अंतर्गत परीक्षा) घेतली. पहिला प्रश्न नेहमीचा: एकमितीय बॉक्समधल्या (म्हणजे एका रेषेवर दोन भिंतींमध्ये कोंडलेल्या) कणासाठी श्रोडिंजरचं समीकरण सोडवा. ३८ पैकी ३१ जणांनी थेट नॉर्मलायझेशनपर्यंत चोख लिहिलं. मी खूश. दुसरा प्रश्न दोन मार्कांचा, मी आपल्या मनानं घातलेला: बॉक्सची लांबी दुप्पट केली तर शोषल्या जाणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी वाढेल की घटेल, आणि किती पटीनं? ऊर्जेच्या फॉर्म्युल्यात लांबीचा वर्ग छेदात आहे, म्हणजे ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर येणार आणि तरंगलांबी चौपट होणार. एवढंच. बरोबर आले सात. एकानं लिहिलंय, ‘बॉक्सची लांबी प्रश्नात दिलेली नाही, त्यामुळे सांगता येत नाही.’ दोन ओळी वर त्याच पोरानं तो फॉर्म्युला स्वतः काढून चौकटीत घातलाय!

आणि ज्यासाठी खरं हे लिहितेय ते पुढे. चोडणचा एक मुलगा आहे, रोज फेरीबोटीनं रायबंदरला उतरून तिथून बस धरतो. फारसा बोलत नाही. मी दुसऱ्या पातळीची लाट काढली, डावीकडे एक फुगवटा, उजवीकडे एक, मधे नोड. म्हटलं, इथं इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता शून्य. त्यानं हात वर केला. ‘मॅडम, मदीं शून्य जाल्यार तो पलतडीं पावता कसो?’ म्हणजे, मधे शून्य तर तो पलीकडच्या काठाला पोचतो कसा?

वर्ग हसला. मीही हसले, आणि ‘अरे ती प्रोबॅबिलिटी आहे’ म्हणून पुढच्या स्लाइडवर गेले. तो गप्प बसला. पटलं म्हणून नव्हे, मॅडमना येत नाही हे त्याला कळलं म्हणून. घरी येताना बसमध्ये डिचोलीपर्यंत तेच डोक्यात. फेरी बंद पडली तर याला पलतड गाठता येत नाही, हे तो रोज जगतोय, आणि मी त्याला सांगतेय की तुझा इलेक्ट्रॉन पाण्यात पाय न घालता दोन्ही काठांवर असतो.

स्पेक्ट्रोस्कोपीची तर आणखी तऱ्हा. ती सेमिस्टरच्या शेवटी येते, तोवर गणेश चतुर्थी होऊन पोरं अर्धी घरी. प्रॅक्टिकलला यूव्ही-व्हिजिबल आहे, जुना कलरीमीटर आहे. एफटीआयआर (इन्फ्रारेड वर्णपट काढायचं मशीन) आहे, पण ती खोली कायम बंद. खोलीला एसी, एसीसाठी कुलूप, आणि कुलपाची किल्ली ज्यांच्याकडे त्यांची रजा.

तर विचारायचं असं की तुम्ही सुरुवात कुठून करता? आधी समीकरण की आधी वर्णपट? काय दाखवता? भाषेचं काय करता, कारण पेपर इंग्रजीत, माझं बोलणं अर्धं मराठी अर्धं कोंकणी, आणि मागच्या बाकावर वास्कोची दोघं एकमेकांना कन्नडमध्ये समजावतात. आणि त्या मुलाला मी आता काय सांगू?

—

धुरकट_विंडो:

बाय, पहिल्यांदा त्या पोराला कँटीनमध्ये चहा पाज. सतत पस्तीस वर्षं हा विषय शिकवला, असा प्रश्न मोजून चार वेळा आला. बाकीचे विचारतात ‘सर, हे परीक्षेला येतं का.’

माझं म्हणणं एकच, आणि ते निवृत्तीनंतर जास्तच पक्कं झालंय: पोरांना मॉडेलचं बरोबर उत्तर दाखवू नकोस, चुकलेलं दाखव. बरोबर आलेलं उत्तर पोरं पाठ करतात. चुकलेलं आलं की भांडायला उठतात, आणि भांडायला उठलेल्या पोराला शिकवावं लागत नाही.

मी सुरुवात हायड्रोजन क्लोराइडपासून करायचो. पहिली तीन लेक्चरं श्रोडिंजरचं नावही नाही. मीठ कुठलं? आगरवाड्याच्या मिठागरातलं, बाजारात मापानं मिळतं ते जाडं मीठ. फ्यूम हूडमध्ये, हातमोजे-चष्मा घालून, चिमूटभर मिठावर सल्फ्युरिक ॲसिडचे थेंब. निघालेला वायू सुकवून दहा सेंटिमीटरच्या गॅस सेलमध्ये. गंमत अशी की त्या सेलच्या दोन्ही टोकांच्या काचा या काचा नसतात, त्याही सोडियम क्लोराइडच्याच, कारण साधी काच इन्फ्रारेड गिळते. म्हणजे आत मिठाचा वायू आणि दोन्ही दारांना मीठ.

आणि माझी फजिती त्याच दारांची. साल आठवत नाही, पण जुलै होता आणि सलग आठवडाभर सूर्य दिसला नव्हता. प्रॅक्टिकल संपलं, पोरांची जर्नलं सही करत बसलो आणि सेल टेबलावर तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी दोन्ही विंडो मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसारख्या. मिठानं रात्रभर हवेतलं पाणी पिऊन घेतलं होतं. माझ्या टोपणनावाचा उगम तो. नवीन विंडो येईपर्यंत सहा महिने गेले, आणि तेवढे दिवस हेडनी माझ्याशी फक्त हवामानावर बोलणं केलं.

असो. आलेख आला की पोरांच्या हातात फूटपट्टी द्यायची. २८८६ सेंटिमीटर इन्व्हर्सच्या (एका सेंटिमीटरात मावणाऱ्या लाटांच्या संख्येच्या) आसपास मधे मोकळी जागा, आणि दोन्ही बाजूंना फणीच्या दातांसारख्या रेघा. उजवीकडे २९०६, २९२६, २९४५, २९६३. डावीकडे २८६५, २८४४, २८२२. रिजिड रोटरच्या हिशेबात शेजारच्या दोन रेघांमधलं अंतर दोन बी (बी म्हणजे रेणूच्या फिरण्याचा स्थिरांक). बी वरून मोमेंट ऑफ इनर्शिया, त्यावरून बंधाची लांबी. आकडेमोड पोरांनीच करायची, कॅल्क्युलेटरवर. उत्तर येतं १.३ आंगस्ट्रॉमच्या जवळपास. डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूची लांबी फूटपट्टीनं मोजली, हे कळायला वर्गाला अर्धा मिनिट लागतो. त्या अर्ध्या मिनिटात बोलायचं नाही. मला हे शिकायला दहा वर्षं लागली.

मग एखादी मुलगी म्हणते, सर, पण अंतरं सारखी नाहीत. उजवीकडे २०, १९, १८ अशी आखडताहेत, डावीकडे २१, २२ अशी पसरताहेत. तुम्ही तर सारखी म्हणालात. बस! या वाक्यासाठी सगळा खटाटोप. विचारायचं, मग रोटर ‘रिजिड’ आहे असं कोणी सांगितलं? वरच्या कंपन-पातळीत बंध थोडा लांब, म्हणून तिथला बी लहान. पुस्तक १.२७४६ म्हणतं आणि आपलं त्याहून जास्त का, हे पुढच्या तासाला. पुस्तकातला आकडा आहे ऊर्जेच्या खड्ड्याच्या तळाचा, आणि तळाशी रेणू कधी नसतोच, शून्याव्या पातळीलाही तो थोडा वर असतो. झीरो पॉइंट एनर्जी म्हणजे काय ते इथं कळतं, व्याख्येत नाही.

तुझ्या कुलपाचं म्हणशील तर अर्जबिर्ज करू नकोस. किल्लीवाल्यांना सांग, पावसात मशीन महिनाभर बंद ठेवलं तर आतल्या केबीआरच्या (पोटॅशियम ब्रोमाइडच्या) भागांना ओल लागेल, अधूनमधून चालू ठेवायला हवं. हे खोटं नाही. त्यांना ते सुचलेलं नसतं इतकंच.

—

शाई_चाट_मैदान:

मी हायर सेकंडरीला फिजिक्स शिकवतो आणि सप्ताहात, भजनात तबला वाजवतो, म्हणून मधे तोंड घालतो.

त्या चोडणच्या मुलाला तानपुऱ्याजवळ बसवा. तार मोकळी छेडा, मूळ स्वर. आता तारेच्या बरोबर मध्यावर बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि छेडा. वरचा सा येतो. बोट असलेली जागा हलत नाही, तरी दोन्ही अर्ध्या तारा वाजताहेत. त्याला विचारा, कंप डावीकडून उजवीकडे ‘गेला’ कधी? तो सांगेल, कुठं गेला नाही, सगळी तार एकदमच तशी वाजते. मग बॉक्समधल्या इलेक्ट्रॉनची ती पातळीही सगळीच्या सगळी एकदम तशी आहे. तिथं कोणी काठावरून निघालेलं नाही आणि कोणी पोचायचं बाकी नाही. त्याचा प्रश्न चुकीचा नाही, त्यात फेरीबोट आधीच शिरलेली आहे.

तबल्यावर हे आणखी छान दिसतं. ‘ना’ वाजवताना तर्जनी चाटेवर (पुडीच्या कडेच्या पट्टीवर) पडते आणि अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकी टेकलेली असते. ते टेकलेलं बोट पुडीचा मूळ कंप मारतं आणि ज्या कंपाची न हलणारी रेघ त्या बोटाखालून जाते तो राहतो. बोट उचलून शाईवर ‘तूं’ मारा, मूळ कंप परत. आम्ही तबलजी रोज नोड निवडतो, फक्त त्याला नोड म्हणत नाही. शाईमुळे तबल्या-मृदंगाचे उपस्वर तंतुवाद्यासारखे सुरेल का लागतात यावर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं. त्यानंतर आठ वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९२८ ला, ते ज्याला आपण रामन परिणाम म्हणतो तिथं पोचले. विज्ञान दिनाला पोरं दुसरी गोष्ट भाषणात म्हणतात, पहिली कोणाला ठाऊक नसते.

—

उगाच_एक_शंका:

तानपुरा आवडला, पण एक खबरदारी घ्या. तारेच्या उपस्वरांची वारंवारता एक, दोन, तीन अशा पटीत जाते. बॉक्समधल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा एक, चार, नऊ अशी वर्गात जाते. आकार तेच, चाल वेगळी. हे वर्गात सांगितलं नाही तर पोरं पेपरात ऊर्जा एनच्या पटीत लिहितात. माझ्या वर्गानं लिहिलेली आहे, आणि दोष माझ्या सतारीचा होता.

—

शाई_चाट_मैदान:

मान्य. तारेत तरंगलांबी अर्धी केली की वारंवारता दुप्पट. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत तरंगलांबी अर्धी म्हणजे संवेग दुप्पट, आणि ऊर्जा संवेगाच्या वर्गात, म्हणून चौपट. खरं तर एवढ्या एका ओळीत बॉक्सचा सगळा फॉर्म्युला निघतो. अर्ध्या लाटा किती मावतात ते मोजा, द ब्रॉयचा संबंध लावा, झालं. डिफरन्शियल इक्वेशन नंतर दाखवलं तरी चालतं.

—

आगळ_नको_सोलकढी:

मी विद्यार्थी आहे, एमएस्सीला ताळगाव पठारावर. बीएस्सीला आमच्या मॅडमनी जे केलं ते सांगते.

बॉक्सच्या फॉर्म्युल्यानं गाजराचा रंग काढायला सांगितला. गाजरातलं बीटा-कॅरोटीन, एकाआड एक असे ११ दुहेरी बंध, २२ पाय इलेक्ट्रॉन, म्हणजे ११ पातळ्या भरलेल्या आणि उडी अकरावरून बारावर. साखळीत २१ बंध, प्रत्येकी १.४ आंगस्ट्रॉम धरले तर बॉक्स २९.४ आंगस्ट्रॉमचा. सगळ्यांनी बेरीज-गुणाकार केले आणि उत्तर आलं साधारण १२४० नॅनोमीटर. मग प्रॅक्टिकलला गाजर किसून ॲसिटोनमध्ये काढलं, मशीनवर लावलं. शिखर ४५० च्या आसपास!

आम्हाला वाटलं आम्ही चुकलो. दोघी तर परत कॅल्क्युलेटर घेऊन बसल्या. १२४० म्हणजे इन्फ्रारेड, गाजर त्या हिशेबानं पाण्यासारखं दिसायला हवं. मॅडम म्हणाल्या, तुमचं गणित बरोबर आहे, मग चूक कोणाची? तास संपला. दोन दिवस आम्ही मेसमध्ये यावर भांडलो. शेवटी एका मुलाच्या डोक्यात आलं की बॉक्समध्ये तळ सपाट धरलाय, म्हणजे सगळे बंध सारखे धरलेत, पण कॅरोटीनमध्ये ते आखूड-लांब, आखूड-लांब असे आहेत. इलेक्ट्रॉनला वाट सपाट नाही, खड्डे आहेत. सायनिन रंगद्रव्यात दोन्ही टोकांना नायट्रोजन असतो आणि रेझोनन्सनं बंध जवळजवळ सारखे होतात, म्हणून तिथं हाच फॉर्म्युला बऱ्यापैकी जवळ येतो. हे कुठल्याही नोट्समध्ये मी आधी वाचलं असणार, पण वाचलेलं राहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात कुणीतरी घरून कोकमाचं आगळ (घट्ट खारट रस) आणलं. पाणी घालून पातळ करून लावलं तर ५२० च्या आसपास एक मोठ्ठा, पसरट टेकाड. अँथोसायनिन, कोकमाचं लाल रंगद्रव्य. खाण्याचा सोडा टाकला की लाल गेला, निळसर-राखी काहीतरी झालं आणि टेकाडही सरकलं. (आगळात मीठ असतं आणि थोडा गाळ, गाळून घ्या, आम्ही पहिल्यांदा घेतलं नव्हतं आणि आलेख मांडवीच्या भरतीसारखा वर-वर गेला.)

एक सांगते मॅडम, भाषेचं. मी पाचवीपर्यंत मराठीतून शिकले, पुढे सगळं इंग्रजीत. व्याख्या इंग्रजीत पाठ होते, पण शंका मराठीतच येते. तुमच्या त्या मुलाला शंका कोंकणीत आली. तिचं उत्तर इंग्रजीत दिलंत तर त्याला दोनदा चढावं लागतं.

—

वास्को_लोकल:

सगळं झकास, पण सेमिस्टरचे तास किती आणि पेपर कोण काढतो? तानपुरा, गाजर, सोलकढी करता करता टर्म सिंबॉल (अणूच्या ऊर्जा-पातळ्यांची खुणेची नावं) राहिले तर मुलं मॅडमच्याच नावानं शिमगा करतील. आधी सिलॅबस.

—

धुरकट_विंडो:

वास्कोबाब, बरोबर बोललात, पण अर्धं. डेरिव्हेशन पोरं घरी पाठ करतातच, बाईंच्या ३८ पैकी ३१ नी केलंच आहे. मग वर्गात तेच फळ्यावर उतरवण्यात तास कशाला घालवायचा? छापील नोट्स द्या आणि तास भांडणाला ठेवा. टर्म सिंबॉल मी दोन तासांत संपवायचो, कारण त्यात भांडण्यासारखं काही नाही.

—

फॉकसमुद्र:

कॉम्प्युटरची बाजू कोणी मांडली नाही म्हणून. पीएसआय४ किंवा पायएससीएफ ही रेणूंची गणितं करणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात, साध्या लॅपटॉपवर पाण्याचा रेणू काही सेकंदांत होतो. धुरकट सरांच्या पद्धतीनंच करा. हार्ट्री-फॉक ही सोपी अंदाजी पद्धत, ६-३१जी* बेसिस, त्यावर पाण्याची कंपनं काढा: १८२७, ४०७०, ४१८९ च्या आसपास येतात. प्रयोगातले आकडे १५९५, ३६५७, ३७५६. तिन्ही वर, आणि सगळी दहा टक्क्यांच्या वरच. पोरांना विचारा, चूक एकाच दिशेला का? इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात हे हार्ट्री-फॉक फक्त सरासरीनं धरतं, त्यामुळे बंध जरा जास्तच ताठ. वर हार्मोनिक गृहीत धरलेलं, तेही त्याच बाजूला ढकलतं. लोक ०.८९ नं गुणून आकडे जुळवून घेतात. तो गुणक पहिल्याच दिवशी सांगू नका, मजा जाते.

—

साखळीची_बस:

तीन आठवड्यांनी परत आलेय. उशीर झाला, चतुर्थीची सुट्टी मधे होती. जे केलं ते सांगते, त्यातलं फसलेलंही.

किल्ली मिळाली. सर, तुमचं ओलीचं वाक्य मी जसंच्या तसं म्हटलं. गृहस्थ घाबरले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः एसी लावून बसले. हायड्रोजन क्लोराइड मात्र जमलं नाही, गॅस सेलच नाही आमच्याकडे. म्हणून आधी केबीआरची गोळी करून पोरांना बेन्झॉइक ॲसिड दाखवावं म्हटलं. केबीआर उघडं पडलेलं, बाहेर मुसळधार. गोळी दाबली ती चकचकीत दिसायच्या ऐवजी दुधाळ, आणि आलेखात ३४०० ला एवढा मोठा पाण्याचा ढिगारा की ॲसिडचं काय ते कळेना. डेसिकेटर उघडला तर आतली सिलिका जेल गुलाबी. निळी असायला हवी.

एरवी मी गपचूप ओव्हनमध्ये टाकली असती. पण ‘चुकलेलं दाखवा’ डोक्यात होतं, म्हणून ती गुलाबी जेल वाटीत घालून बाकाबाकांवर फिरवली. कोबाल्ट क्लोराइड. कोरडं असताना कोबाल्टभोवती क्लोराइड, चतुष्फलकी, गडद निळं. ओल लागली की सहा पाणी येऊन अष्टफलकी, फिकट गुलाबी. रंग बदलला हे ठीक, पण निळा एवढा गडद आणि गुलाबी एवढा फिकट का? अष्टफलकीला मध्यभागी सममितीचं केंद्र आहे, म्हणून तिथली डी-डी उडी (कोबाल्टच्याच एका डी-ऑर्बिटलमधून दुसऱ्यात) नियमानं मना आहे आणि चोरूनच होते. चतुष्फलकीला ते केंद्रच नाही. लापोर्टेचा नियम मी तीन वर्षं एक ओळ म्हणून शिकवला, यंदा वाटीतून शिकवला. वास्कोबाब, सिलॅबसमध्ये आहे हं हे!

मग गॅस सेल नाही तर श्वास. रिकाम्या मशीनचा बॅकग्राउंड घेतला, झाकण उघडलं आणि एकेका मुलाला नमुन्याच्या कप्प्यात फुंकर मारायला लावली. स्क्रीनवर पाण्याच्या वाफेच्या रेघा उभ्या राहिल्या, १४०० ते १९०० पर्यंत, विस्कटलेल्या केसांसारख्या, कशाला काही क्रम नाही. आणि २३४९ ला कार्बन डायऑक्साइड, दोन टेकाडं, मधे खड्डा. ज्यानं पहाटे बांगड्याचं हुमण खाल्लं होतं त्याच्या फुंकरीवर वर्गानं जे शेरे मारले ते इथं लिहीत नाही. पण रांग लागली. शेजारच्या बॉटनीच्या मुली पण येऊन फुंकर मारून गेल्या.

तानपुरा मिळाला नाही. संगीताच्या बाईंनी देतो म्हणून दिला नाही, मग एका मुलाची गिटार आणली. चोडणच्या मुलाला पुढे बोलावलं. बाराव्या पट्टीवर बोट टेकवून त्यानंच तार छेडली. मग मी कोंकणीतच विचारलं, आता हो स्वर हालतडीं आसा काय पलतडीं? त्यानं परत छेडलं. परत. मग म्हणाला, दोन्ही कडेन. मी विचारलं, मग मधल्या नोडवरून गेला कधी? तो म्हणाला, ‘गेलोच ना, मॅडम. तो थंयच आशिल्लो.’ म्हणजे, गेलाच नाही, तो तिथंच होता. वर्ग हसला नाही या वेळेला. वर्ग-पटीची खबरदारी मी त्यानंतर लगेच सांगितली, नाहीतर तुम्ही मला सोडलं नसतं.

परवा दोन मार्कांचा तोच प्रश्न आकडे बदलून परत दिला, लांबी निम्मी केली तर. २४ बरोबर. आनंद आहे, पण त्यातल्या किती जणांनी मागच्या वेळचं उत्तर उलटं करून लिहिलं कोण जाणे.

आता नवीन अडचण, आणि परत तोच मुलगा. फुंकरीच्या आलेखाचा प्रिंट तो घरी घेऊन गेला होता. काल आला आणि बोट ठेवून म्हणाला, मॅडम, २३४९ ला मधे खड्डा आहे, पण इकडे ६६७ ला मधोमध टोकदार सुळका. एकच वायू, मग एकीकडे खड्डा आणि एकीकडे सुळका कित्याक? यावेळी मी ‘माहीत नाही, मंगळवारी सांगते’ म्हटलं. मंगळवार जवळ आलाय.

—

धुरकट_विंडो:

‘माहीत नाही’ म्हणालीस ना, तिथंच तू पास झालीस.

खड्डा आणि सुळका दोन्हींचं कारण एकच, दिशा. २३४९ मध्ये कार्बन दोन ऑक्सिजनांच्या मधे अक्षावरच पुढे-मागे सरकतो, द्विध्रुव (धन-ऋण भारांची फारकत) अक्षाच्या दिशेनं बदलतो. अशा वेळी फिरण्याची पातळी बदलल्याशिवाय उडी नाही, म्हणून मधली क्यू शाखा (फिरणं न बदलता होणाऱ्या उड्या) गायब आणि तिथं खड्डा. ६६७ ला रेणू वाकतो, द्विध्रुव अक्षाला आडवा बदलतो. तिथं फिरणं होतं तसंच ठेवूनही उडी चालते. त्या सगळ्या उड्या जवळजवळ एकाच जागी पडतात, त्यांचा तो सुळका. आणि हो, तिसरं कंपन, दोन्ही ऑक्सिजन एकदम बाहेर-एकदम आत, ते तुझ्या आलेखात कुठंच सापडणार नाही. त्याला द्विध्रुव बदलच नाही. ते शोधायला रामनकडे जावं लागतं. पोरगा ते विचारेलच, तयार राहा.

मंगळवारी सांगताना स्लाइड नको. झाडूची एक काडी घे, दोन्ही टोकांना एकेक लिंबू खोच, मधे चिकू. आधी चिकू काडीवर पुढे-मागे सरकव, मग काडी वाकव. त्याच्याच हातात दे आणि द्विध्रुवाचा बाण कुठल्या दिशेला ते त्यालाच दाखवायला लाव.

आणि ती सिलिका जेल ११०-१२० डिग्रीला ओव्हनमध्ये ठेव, निळी होईपर्यंत. केबीआरची बाटलीही त्याच ओव्हनमध्ये, झाकण काढून. थंड करायला बाहेर टेबलावर ठेवू नकोस, ऑक्टोबर लागेपर्यंत तरी.